खराटा आधी, प्रश्न नंतर

नागपुरात ‘कोचिंग’ म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते क्लासेसचे फलक. जेईई, नीट, स्पर्धा परीक्षा आणि गल्लीच्या तोंडाशी दाटीवाटीने लावलेल्या दुचाक्या. अलीकडे मात्र या शब्दाने दुसरे दुकानही थाटले आहे. वजन उतरवून देणारा हेल्थ कोच, नोकरीत पुढे नेणारा करिअर कोच, साहेब लोकांसाठी एक्झिक्युटिव्ह कोच, पैशांची घडी बसवणारा, संसाराची घडी बसवणारा आणि यातले काहीच नेमके जमत नसेल तर लाइफ कोच. फी काही हजारांपासून सुरू होते आणि कुठे थांबते ते विचारू नये.

या गर्दीत थोडे नीट पाहिले तर एक खरा प्रश्न आहे, आणि तो आरोग्याचा आहे. मधुमेहाच्या रुग्णाला गोड कमी करायचे, रोज चालायचे हे ठाऊक असते. तंबाखूच्या पुडीवर तर चित्रासकट छापलेले असते. माहिती कमी पडत नाही, वागणे बदलत नाही. डॉक्टरांनी दहा मिनिटांत दिलेला सल्ला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतही टिकत नाही. सल्ला आणि वागणूक यांच्यामधल्या या रिकाम्या जागेत उभे राहून काम करायचे, असा या कोचिंगचा दावा आहे. त्यातल्या पद्धती नावाने नव्या आहेत. पण हे काम आपल्या वऱ्हाडात एका माणसाने अर्धे शतक केले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ‘कोच’ हा शब्द त्याच्या कानावर पडला असला, तर तो रेल्वेच्या डब्यापुरताच.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचे. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका लहान गावचा डॉक्टर रॉबर्ट कॉख याने गुरांना होणाऱ्या काळपुळीच्या रोगामागे एक विशिष्ट जंतू असतो हे सिद्ध केले. रोगाला कारण असते, ते कारण नेमके असते आणि ते अडवता येते, ही कल्पना तेव्हा विज्ञानातच रुजत होती. शेंडगावात रोग म्हणजे देवीचा कोप आणि उतारा म्हणजे कोंबडे-बकरे असा हिशेब होता. नवसाला बळी, बळीबरोबर दारू. या दारूनेच डेबूजीचे वडील झिंगराजी गेले. पोर तेव्हा आठेक वर्षांचे होते.

आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, मळा फुलवला. कष्टाला तो वाघ होता. पण ज्या मामाच्या शेतात तो राबला ती जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर अंगठा उठवणे सोपे होते, कागद वाचणे घरात कोणाला येत नव्हते. पुढच्या आयुष्यात हा माणूस गावोगाव ज्या चार गोष्टींवर बोलला, दारू, कर्ज, नवस आणि शाळा, त्यातली एकही त्याने पुस्तकातून उचललेली नव्हती. चारही त्याच्या ओसरीवर येऊन बसून गेलेल्या होत्या.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटण द्यायचे हा रिवाज होता. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. पंगत रुसली, कुरकुर झाली, पण जेवण तेच राहिले. पन्नास वर्षांच्या लोकशिक्षणातला हा पहिला प्रयोग त्याने दुसऱ्याच्या दारात केला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडले. दोनच वर्षांपूर्वी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता आणि कारभार नागपूरहून सुरू झाला होता. अंगावर चिंध्यांचे ठिगळ, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मातीच्या गाडग्याचे खापर आणि दुसऱ्या हातात खराटा. खापर म्हणजे ताट, वाटी, पेला आणि ऊन लागले तर टोपी. गाडगेबाबा हे नाव त्या खापराचे.

बाबांच्या कामाचा क्रम ठरलेला होता, आणि इथे आपण जरा थांबू. ते गावात शिरत आणि कोणाशी काही न बोलता रस्ता झाडायला लागत. गटार मोकळे करत, उकिरडा हलवत, रस्त्यातले काटे उचलत. लोक वेडा समजून हसत, पोरे मागे लागत. दुपारी भाकर मागत, पण काम केल्याशिवाय नाही. कुणाचे लाकूड फोडून दे, कुणाचे अंगण झाड, मग भाकर. दिवस कलता कलता गावातली दोन-चार माणसे ओशाळून हाताशी येत. मग संध्याकाळी कळे की आज कीर्तन आहे. दिवसभर ज्याला हसलो तोच कीर्तनाला उभा, हे पाहायला सारे गाव लोटे.

आणि कीर्तनात हा माणूस सांगायच्या ऐवजी विचारत असे. देवाला आंघोळ कोण घालते, नैवेद्य कोण दाखवते, देवळात दिवा कशाला लावायचा, दिव्यावाचून देव दिसतो का, असे साधे, शेतकऱ्याला उत्तर देता येतील असे प्रश्न. समोरून हजारो गळ्यांतून उत्तर येई. त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न जोडलेला. पाच-सहा उत्तरे दिल्यावर लोकांच्या ध्यानात येई की बकरे कापण्याच्या बाजूने आपल्याकडे बोलायला काही उरलेले नाही, आणि हे आपल्याच तोंडाने कबूल झाले आहे. भाषा अस्सल वऱ्हाडी, मध्येच हशा, मध्येच नामाचा गजर. कीर्तन संपले की लोक पाया पडायला धावत. तोवर बाबा अंधारातून पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे ते पुन्हा पुन्हा बजावत.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १९६६ मध्ये जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. माणसाला वाटले की आपले स्वातंत्र्य कोणी काढून घेत आहे, तर तो नेमके मनाई केलेलेच करायला ओढला जातो. व्यसनाच्या बाबतीत हे घरोघरी दिसते. बायको जितकी जोरात सोड म्हणेल तितक्या जोरात नवरा दारूची बाजू घेतो. १९८३ मध्ये विल्यम मिलर यांनी दारूच्याच रुग्णांवर काम करताना वेगळी वाट सुचवली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी तिचे पुस्तक केले. सल्लागाराने बदलाची वकिली करू नये, असे प्रश्न विचारावेत की रुग्णच बदलाच्या बाजूने बोलू लागेल. कारण माणूस दुसऱ्याचे ऐकून पटवून घेतो त्यापेक्षा स्वतःचे बोलणे ऐकून जास्त पटवून घेतो. आजच्या हेल्थ कोचिंगचा हा कणा आहे. तंबाखू, वजन, औषधे वेळेवर घेणे, सगळीकडे ही पद्धत वापरली जाते.

दुसरा धागा अल्बर्ट बँड्युरा यांचा. माणूस पाहून शिकतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले आणि १९७७ मध्ये त्यापुढची गोष्ट मांडली. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वासच बदलाचे मोठे इंधन असतो, आणि तो विश्वास आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहिले की वाढतो. आपल्यासारखाच, हे महत्त्वाचे. बंगल्यातून आलेल्या साहेबाने गटार साफ करण्यावर भाषण दिले असते तर लोक टाळ्या वाजवून घरी गेले असते. चिंध्या ल्यालेला, आपल्याच बोलीचा, परटाचा माणूस सकाळपासून गटारात उभा होता.

बाबांनी हे शास्त्र ओळखले होते असा अर्थ कोणी काढू नये. शास्त्रज्ञांनी जे नंतर मोजले, ते त्यांनी गावोगाव फिरून अनुभवाने गाठले होते, इतकेच.

कोचिंगच्या बाकीच्या घराण्यांचीही ओळख करून घेऊ, कारण गिऱ्हाइकाला ती असलेली बरी. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावाचा. तिथल्या घोडागाड्या नावाजलेल्या होत्या. पुढे इंग्रज विद्यार्थ्यांनी परीक्षेपार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला तेच नाव दिले. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. १९७४ मध्ये टिमथी गॅलवे या टेनिस शिक्षकाने सांगितले की खेळाडूला सूचना कमी द्या, त्याला स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावा. हा विचार जॉन व्हिटमोर यांनी कचेऱ्यांत नेला. त्यांच्या पद्धतीत चार पायऱ्या: काय हवे, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या आणि त्यातली कोणती खरेच धरणार. दुसरे घराणे विचारपद्धतीवर काम करणारे. मला काहीच जमत नाही हे वाक्य मनात कुठून आले आणि त्याला पुरावा काय, हे तपासायला लावणारे. तिसरे अडचणीची चिरफाड न करता जे थोडेफार जमते आहे ते वाढवणारे. आणि या साऱ्यांमागे कार्ल रॉजर्स यांची जुनी शिकवण, की समोरच्याचे आयुष्य समोरच्यालाच जास्त कळते, तुम्ही नीट ऐका.

शेवटच्या कसोटीला मात्र गाडगेबाबा उतरत नाहीत. कोचिंगमध्ये ध्येय गिऱ्हाइकाचे असते. बाबांचे ध्येय गावात शिरण्याआधीच ठरलेले असे. दारू सोडा, कर्ज काढून लग्ने करू नका, बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, त्यासाठी घरातली भांडी विकावी लागली तरी विका. त्यांचे प्रश्नही भोळे नसत, उत्तराकडे ढकलत नेणारे असत. शिवाय जीभ तिखट. श्रोत्यांना मूर्ख ठरवायला ते कचरत नसत. आजच्या प्रमाणपत्रधारी कोचने यावर लाल शेरा मारला असता. मला वाटते, तो शेरा बरोबरच ठरला असता, आणि तरीही गावात काम झाले असते. ज्याने आपल्याकडून काहीच घेतलेले नाही त्याचे कडू बोल माणूस ऐकून घेतो. फी घेणाऱ्याला ती सवलत नाही.

विदर्भात पद्धतींचा फरक पाहायला परदेशी नावे लागतही नाहीत. अमरावती जिल्ह्यातच १९०९ मध्ये यावलीला जन्मलेले तुकडोजी महाराज याच रोगांवर वेगळे औषध देत होते. त्यांच्याकडे खंजिरी होती, भजने होती, सामुदायिक प्रार्थना होती, मोझरीचा गुरुकुंज होता, गावोगावची सेवा मंडळे होती आणि १९५५ मध्ये आलेली ‘ग्रामगीता’ होती. रोजचा नेम, मंडळ आणि ग्रंथ या त्रयीवर त्यांचा भर. आजच्या भाषेत ते गटाचे कोच. महाराज निघून गेले तरी मंडळ उरे आणि सवय टिके. बाबांनी मात्र गावात मठ ठेवला नाही, ग्रंथ ठेवला नाही, मंडळही ठेवले नाही. ठिणगी टाकायची आणि निघायचे. धूम्रपान सोडणाऱ्यांवर काम करणारा कोणताही डॉक्टर सांगेल की सोडणे आणि सोडलेले टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात बाबांचा हातखंडा, दुसऱ्यात तुकडोजींचा. विदर्भातली दोन विद्यापीठे या दोघांच्या नावाने आहेत, नागपूरचे तुकडोजींच्या आणि अमरावतीचे बाबांच्या, आणि त्यातला एक शाळेची पायरीही चढला नव्हता.

बाबांनी मागे काही ठेवलेच नाही असे मात्र नाही. त्यांनी दगड-विटा ठेवल्या. १९०८ मध्ये पूर्णेकाठी ऋणमोचनला यात्रेकरूंसाठी घाट बांधायला घेतला. पंढरपूरच्या वारीत ते देवळात जात नसत. वाळवंटात खराटा घेऊन घाण काढत. हे काम किती मोलाचे होते ते पटकीचा इतिहास जाणणाऱ्याला कळेल. पटकीचा जंतू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातो. लाखोंनी नदीकाठी उघड्यावर बसायचे आणि त्याच नदीचे तीर्थ घ्यायचे, यातून यात्रा पटकीच्या वाहक बनत आणि वारकरी तो रोग गावी घेऊन जात. ती साखळी तोडायची तर विष्ठा पाण्यापासून दूर ठेवावी लागते. बाबा नेमके तेच करत होते. तिथेच त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ज्यांना गावात कोणी ओसरी देत नसे अशा वारकऱ्यांसाठी. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. लाखोंच्या देणग्या आल्या, त्या संस्थांकडे वळवल्या. घरच्यांना त्यातले काही मिळू नये यावर त्यांचा कटाक्ष होता.

घरच्यांनी याची किंमत मोजली, हेही लिहिले पाहिजे. कुंताबाईंचा संसार झोपडीत गेला. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेल्याची बातमी बाबांना कीर्तनाच्या फडावर कळली आणि कीर्तन थांबले नाही, असे सांगतात. ही गोष्ट नेहमी थोरवी म्हणून सांगितली जाते. झोपडीत बसलेल्या आईच्या बाजूने ती सांगितलेली मी तरी ऐकलेली नाही.

१९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली. देवाच्या गावी धर्मशाळा बांधणारे पुष्कळ झाले, दवाखान्याच्या दारात बांधणारे कमी. खेड्यातून आजारी माणसाला आणले की बाकीचे कुठे झोपणार, कुठे भाकर खाणार, हा उपचाराचाच भाग आहे. नातलगाला टेकायला जागा नसली की तो रुग्णाला उचलून गावी परत नेतो, उपचार अर्धे राहतात. हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारावे.

आता थोडे गिऱ्हाइकाविषयी. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. कोचकडे असते ते खासगी संस्थेचे प्रमाणपत्र, चांगले किंवा वाईट. म्हणून झोप उडाली आहे, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे झाले आहे, दारू थांबवली की हात थरथरतात, अशा वेळी कोच हे उत्तर नाही. तिथे डॉक्टरच हवा. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते देखरेखीखालीच करावे. इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगणाऱ्या हेल्थ कोचचा नंबर फोनमधून काढून टाकावा. आजार आटोक्यात आहे, काय करायचे ते कळते आहे, फक्त होत नाही, अशा माणसाला चांगला कोच उपयोगी पडतो. तो चांगला आहे का हे पहिल्या भेटीतच कळते. त्या तासात जास्त कोण बोलले ते आठवून पाहावे.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. त्यानंतर आठवड्याभराने, ८ नोव्हेंबरला, बाबांनी वांद्र्याच्या पोलिसांपुढे कीर्तन केले. ते त्यांचे शेवटचे. त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे आणि आजही ऐकायला मिळते. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज प्रश्न टाकतो आणि समोरून पोलीस आणि त्यांची बायकामुले एका सुरात उत्तर देतात. ते ऐकले की वर जे परिच्छेद खर्चून सांगितले ते दोन मिनिटांत कळते.

डिसेंबरच्या ६ तारखेला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच गाडगेबाबांचा प्राण गेला. जिथे मरेन तिथेच जाळा, मूर्ती, समाधी, स्मारक काही करू नका, असे ते सांगून ठेवत. अमरावतीत समाधी झाली, पुतळे झाले, विद्यापीठाला नाव दिले गेले आणि २००० सालापासून सरकारच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही. नागपुरात मेडिकलच्या आवारातही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. गोंदिया, गडचिरोली, बैतुल, छिंदवाड्याहून आलेली माणसे तिथे वळकटी टाकून वॉर्डातल्या आपल्या माणसाची वाट पाहतात.